बाबाजीचा क्रमांक

मॉरिशसमध्ये आमचं आडनाव बाबाजी. शाळेत मराठी शिकायला लागलो तेव्हा गुरुजींनी सांगितलं, की कोकणात हे माणसाचं नाव असतं. घरी येऊन बाबांना विचारलं. ते म्हणाले, "माझ्या आजाच्या आजाचं नाव ते. त्याच्या मागचं कुणाला ठाऊक?"

पुढे अनेक वर्षं मी खरं आडनाव शोधत होतो. बाबांचा जन्मदाखला, आजाचा विवाहदाखला, मग त्याच्या वडिलांचा. एकाच घरातल्या कागदांवर नावाची स्पेलिंगं तीन. शेवटी एका जुन्या लग्नाच्या नोंदीत, वराच्या बापाच्या नावापुढे, सहा आकडी क्रमांक सापडला. बंदरावर उतरलेल्या प्रत्येक गिरमिटियाला, म्हणजे करारावर आलेल्या मजुराला, स्वतःचा क्रमांक मिळे. 1834 पासून जवळपास पाच लाख माणसं उसाच्या मळ्यांसाठी इथे आली. वाड्यावस्त्यांवर बाबाजी कितीतरी असतील, हा क्रमांक मात्र एकाचाच.

तो घेऊन मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गेलो. जहाजांच्या जुन्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत. एकच ओळ होती. नाव बाबाजी, बापाचं नाव, वय 22, उंची, जात मराठा, डाव्या भुवईवर व्रण, जिल्हा रत्नागिरी, गाव. फोटो नव्हता, ते काढायला लागले 1860 नंतर. माझ्या बाबांच्या दाढीमिशांखालचा चेहरा मी त्या व्रणासकट डोळ्यांसमोर आणून पाहिला आणि बराच वेळ पुढचं पान उलटवेना.

त्या ओळीत आडनाव नव्हतंच. कारकुनाने विचारलं ते नाव आणि बापाचं नाव. गड्यानेही तेवढंच सांगितलं. पुढे त्याला मुलगा झाला. इथला फ्रेंच वळणाचा कायदा घराण्याचं नाव मागत होता, म्हणून दाखल्यावर बापाचंच नाव घराण्याचं म्हणून चढलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलं. आमचं आडनाव कुणीतरी बदललं असं मी इतकी वर्षं समजत होतो. ते कुणी लिहूनच घेतलं नव्हतं.

रत्नागिरीला निघण्याआधी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर गेलो आणि तिथल्या सोळा पायऱ्या एकेक करून उतरलो. बाबाजी त्या चढून वर आला होता.

रत्नागिरीत गावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून तीन गावं निघाली. पहिल्या दोन गावांत लोकांनी चहा पाजला, पोफळीच्या बागा दाखवल्या, पण धागा जुळेना. तिसऱ्या गावात एका म्हाताऱ्या काकूंनी आडनाव विचारलंच नाही. "तुमचा देव कोणता?" म्हणाल्या. मला आजी आठवली. शिमग्याला ती सोमजाईच्या नावाने नारळ वेगळा काढायची. सोमजाई कोण, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. काकूंनी हात करून दाखवलं. वाडीच्या टोकाला, आंब्याखाली, सोमजाईचं देऊळ होतं.

कोकणात सोमजाईची देवळं पुष्कळ आहेत, त्यामुळे हा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. तरी मी नारळ आणला. गुरवाने गाऱ्हाणं घालायला हात जोडले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "कोण आलंय म्हणून सांगू?"

"बाबाजीची लेकरं," मी म्हणालो.

त्याने तसंच सांगितलं.