5 मार्चला भरलेली पाणीपट्टी 3 मे रोजी कशी गेली?

पोस्ट मोठी झालीय. पण पाणीपट्टी भरूनही ज्यांच्या दारावर नळ तोडण्याची नोटीस आली, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मी नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात लिपिक होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. थकबाकीचे रिपोर्ट ऑफिस 2010 च्या अ‍ॅक्सेसमध्ये मीच बसवले होते, पुस्तक समोर ठेवून, चुकत-माकत. जाताना वहीत चार ओळी लिहून ठेवल्या आणि चार्ज दिला. चारच ओळी. ही माझी चूक, आधीच कबूल करतो.

यंदा मार्चएन्डनंतर नवीन संगणक आले, नवीन 64-बिट ऑफिस आलं. ते यायलाच हवं होतं. 2010 चा सपोर्ट ऑक्टोबर 2020 मध्येच संपला होता. पहिल्याच दिवशी रिपोर्ट उघडेना. नावाच्या जागी #Name?, मराठी अक्षरांची जिलेबी. माझ्या जागेवरच्या मुलाचा फोन, "काका, सगळं गेलं!" काही गेलं नव्हतं. एक जुनी लायब्ररी 'मिसिंग' दाखवत होती. ती एक नसली की साधी आजची तारीखसुद्धा काढता येत नाही. टिक काढली, फाँट टाकला, तासाभरात रिपोर्ट सुरू. चहा पिऊन घरी आलो.

जून महिन्यात गल्लीतल्या एक आजी नोटीस घेऊन दारात. "अरे, 5 मार्चला भरलेत पैसे. पेन्शन आली की पहिलं पाणी आणि लाईट." पावती दाखवली. शिक्का, सही, सगळं बरोबर. काउंटरवर त्यांना सांगितलं होतं, "आजी, कॉम्प्युटरमध्ये बाकी दिसतेय." आता कॉम्प्युटरपुढे आजी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन भरण्याची यादी तारखेप्रमाणे लावली. सगळ्यात खाली 3 डिसेंबरच्या पावत्या! जून चालू आहे आणि लोकांनी डिसेंबरात पैसे भरलेत? मग लक्षात आलं. ती 12 मार्च होती.

वसुली केंद्रावरून येणाऱ्या फाईलमध्ये तारीख साध्या मजकुरासारखी असते, 05/03 अशी. तिची तारीख करताना संगणक विंडोजमधली पद्धत बघतो. जुन्या मशीनवर आधी दिवस, मग महिना होता. नव्यावर अमेरिकन सेटिंग तसंच राहिलं: आधी महिना. नव्या मशीनवर अख्ख्या वर्षाचा भरणा पुन्हा चढवला, आणि 5 मार्चचा झाला 3 मे. म्हणजे पुढचं आर्थिक वर्ष, म्हणजे थकबाकी. खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. 25/03 ला संगणक अडत नाही. पंचविसावा महिना नसतो, म्हणून तो गुपचूप 25 मार्च धरतो. त्यामुळे महिनाअखेरीला, अभय योजनेची वाट बघून भरणारे सगळे बरोबर. पेन्शन आल्या आल्या रांगेत उभे राहणारे थकबाकीदार!

कुठलाही एरर आला नाही. रिपोर्ट छान छापून निघाला, त्यावर सही झाली, नोटिसा वाटल्या गेल्या. एकाही टेबलावर कुणी रिपोर्टची बेरीज कॅशबुकाशी ताडून पाहिली नाही. आमच्या वेळी बेरीज जुळल्याशिवाय मोठे साहेब सही करत नसत. ती सवय कुठे गेली, कळत नाही. आणि मीसुद्धा त्या दिवशी रिपोर्ट उघडला एवढ्यावर खूश होऊन घरी आलोच ना?

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. दिवस, महिना, वर्ष वेगळे काढून तारीख बनवायची, म्हणजे मशीनचं सेटिंग काहीही असो. ती केली, बेरीज जुळवली, सही घेतली. यावेळी वहीत सहा पानं लिहिलीत. नोटिसा मागे घेतो म्हणालेत, पण तसं पत्र घरोघरी पाठवणार का, यावर साहेब अजून 'बघू' म्हणतायत.

तोवर तुम्ही एवढं करा. पावतीवरची तारीख जानेवारी ते मार्चमधली 4 ते 12 असेल, किंवा गेल्या एप्रिल ते डिसेंबरमधली 1, 2, 3 असेल, तर पावतीची झेरॉक्स लावून अर्ज द्या आणि पोच घ्या. मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. अर्ज लिहायला अडचण असेल तर संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.