भाचीचा अर्ज

"खालाजान, यंदाही नकार आला," भाची फोनवर म्हणाली. ती अमेरिकेत पीएच.डी.नंतरचे तात्पुरते संशोधन करते. पशुपक्ष्यांची संख्या का घटते-वाढते, उत्क्रांती कशी होते, हे ती गणिताने शोधते.

तिथे प्राध्यापकांच्या जाहिराती बहुधा शरद ऋतूत निघतात. संशोधनाचा आराखडा, शिफारसपत्रे, मग निवडक उमेदवारांच्या दोन-दोन दिवस मुलाखती आणि व्याख्यान. निव्वळ समीकरणे मांडणाऱ्यांसाठी जागा मोजक्याच.

आपाला तिच्या निकाहची काळजी. मीही म्हणाले, "बेटा, परत ये, बीएड कर."

तिने मला रॉबर्ट मे यांची हकीकत सांगितली. सिडनीत भौतिकशास्त्र शिकवणारे मे १९७३ मध्ये प्रिन्स्टनला प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. "खालाजान, असा वेगळा माणूस निवडायलाही कुणीतरी लागतं."

मी गप्प झाले. वर्गात मुलींना पुढे जा म्हणणारी मी, घरच्या मुलीला मागे खेचत होते. उंट बांधून मग तवक्कुल करावा, असे आपण म्हणतो. तिने तो केव्हाच बांधला आहे. आता आमच्याकडे फक्त दुआ उरली. पुढच्या फोनवर मी निकाहचे नाही, व्याख्यानाचे विचारीन, इन्शाअल्लाह.