गायीआडची पारध

एकट्याने पारध करायची तर मोठी अडचण हत्याराची नसते, नजरेची असते. जनावराला जवळ बोलवावे लागते आणि जिथून बोलावणे येते त्या जागेकडे टक लावूनच ते येते. बोलावणारा आणि बाण सोडणारा एकच असेल, तर ज्या क्षणी हात हलवायचा त्याच क्षणी जनावराचे डोळे त्याच्यावर रोखलेले असतात. दोघे असले की हा पेच उरत नाही. एक मागे बसून आवाज काढतो, दुसरा पुढे दबा धरतो. एकट्याला मात्र ती नजर दुसऱ्या कशात तरी गुंतवून ठेवावी लागते, आणि भुलवणीची बरीचशी विद्या या एका गरजेतून निघालेली आहे.

उत्तर अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात एल्कची धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांना हा पेच दर सप्टेंबरला पडतो. एल्क हे आपल्या सांबराच्या नात्यातले, पण त्याहून थोराड हरीण. माजाच्या दिवसांत नर शिटीसारखा लांबलचक आवाज काढत माद्या गोळा करतो. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नर येतो. पण जिथून मादी दिसायलाच हवी अशा अंतरापर्यंत येतो आणि थबकतो. मादी दिसत नाही म्हटल्यावर संशय पक्का होतो. बाणाचा पल्ला तीस-चाळीस मीटरचा, आणि नर उभा राहतो त्याच्या दुप्पट लांब. म्हणून एकटा शिकारी कापडावर छापलेली, घडी होणारी नकली मादी आपल्यापासून बाजूला झाडीत उभी करतो. नराला आवाजाची मालकीण दिसते, तो पुढे सरकतो, त्याचे डोके एखाद्या खोडाआड गेले की शिकारी धनुष्य ताणून घेतो. नाकाला मात्र कापड फसवू शकत नाही. नर बहुधा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला यायला बघतो, त्यामुळे नकली मादी कुठे उभी करायची हे वाराच ठरवतो. बंदुकीच्या हंगामात असली आकृती पाठीवर घेऊन रानात फिरणे जिवावर बेतू शकते, हे वेगळे सांगायला नको.

वाशिम जिल्ह्यात एल्क नाही आणि धनुष्यबाणाची शिकारही नाही. तोच पेच इथल्या फासेपारध्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वाटेने सोडवला. कारंजा, मानोरा, मंगरूळपीर या बाजूचे माळ, गायराने, ज्यांना महसुली भाषेत ई-क्लास म्हणतात त्या गवताळ जमिनी, आणि तिथे चरणारी गावची गुरे हे या पारधीचे मैदान. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली फासेपारधी, टाकणकर, चिता पारधी, शिकारी अशी नावे येतात. बोलण्यात गाय पारधी हेही नाव आहे, आणि ते पारधीच्या रीतीवरूनच पडलेले आहे.

माळावरच्या तितराला गुरांची भीती वाटत नाही. रोजचे चरणारे जनावर जवळ आले तर तो उडत नाही, चालत थोडा बाजूला होतो. तितर मुळातच उडण्यापेक्षा पळणे पसंत करणारा पक्षी. माणूस दिसला तर आधी गवतातून पळेल, अगदीच अंगावर आला तर भुर्रकन उडेल. पारध्याने नेमका हा स्वभाव हेरला. आधी तितरांची वाट पाहून ठेवायची, त्या वाटेवर आडवी फाशांची ओळ रोवायची. लहान पक्ष्यासाठी घोड्याच्या शेपटीच्या केसाचे फास, हरणासाठी तातीचे किंवा चामड्याचे, प्रत्येक फास खुंटीला बांधलेला, आणि सगळी ओळ गवतात अशी बेमालूम मिसळलेली की चालत्या माणसाचाही पाय अडकावा. मग पलीकडून शिकवलेली गाय हळूहळू सोडायची. गाय चरते आहे असेच दिसले पाहिजे. ती मान खाली घालून दोन पावले टाकते, थांबते, तोंड फिरवते. तिच्या खांद्याआड पारधी वाकून चालतो, तिच्या पायांच्या मागे आपले पाय ठेवत. कारण तितराचे डोळे जमिनीलगत असतात आणि पोटाखालून दिसणारे दोन जादा पाय त्याला पुरेसे असतात. सरळ पक्ष्यांच्या अंगावर जायचे नाही. गाय कधी सरळ रेघेत चरत नाही, म्हणून पारधही नागमोडी चालते. एका बाजूला गाय आली की थवा दुसऱ्या बाजूला सरकतो, तिकडून आली की इकडे, आणि असे करत स्वतःच्या पायांनी फाशांच्या ओळीत जाऊन बसतो.

रॉकीमधल्या शिकाऱ्याने नजर गुंतवण्याचे काम नकली मादीवर सोपवले आणि मारण्याचे काम स्वतःकडे ठेवले. वऱ्हाडातल्या पारध्याने उलट केले. दबा धरून बसणारा दुसरा माणूस म्हणजे त्याचे फास; तो स्वतः हाकारा झाला. हाकाऱ्याला नजरेआड राहायचे असते, आणि माळावर नजरेआड राहायला झाड नाही, झुडूप नाही. आहे ती फक्त गाय. त्यामुळे इथे खोटे काहीच उभे करावे लागले नाही. गाय खरी, तिचे चरणे खरे, पक्ष्याचा गुरांवरचा विश्वासही खरा. खोटे होते ते फक्त तिच्या पलीकडच्या अंगाला. कौशल्याच्या दृष्टीने पाहता कापडी मादीपेक्षा ही गाय वरच्या पायरीवरची म्हणावी लागते.

दुसरी रीत ईर्ष्येवर चालणारी आहे. तितराचा नर आपला टापू राखतो. सकाळी त्याची खणखणीत हाक माळभर घुमते आणि त्या हद्दीत दुसऱ्याने हाक दिली की तो भांडायला धावतो. पायावरच्या आऱ्या त्यासाठीच असतात. पिंजऱ्यातला बोलका नर त्याच्या हद्दीत नेऊन ठेवायचा आणि भोवती फास पेरायचे, एवढीच युक्ती. इथे पारधी दूर बसतो आणि बोलावण्याचे काम पाळीव पक्षी करतो. ही युक्ती फार जुनी आहे. पाली जातककथांमध्ये तित्तिर जातक नावाची कथा आहे. पारध्याने पाळलेल्या तितराची हाक ऐकून त्याचे भाऊबंद येतात आणि पकडले जातात. त्या तितराला प्रश्न पडतो की या हत्येचे पाप आपल्याला लागते का. तपस्व्याच्या रूपातला बोधिसत्त्व त्याला सांगतो की मनाची संमती नसेल तर लागत नाही. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने उत्तर नेटके आहे. पण पक्षी ओरडतो तो पारध्यासाठी नव्हे, स्वतःच्या हद्दीसाठी. भुलवणीत राबणाऱ्या जनावराला आपण भुलवण आहोत हे ठाऊकच नसते, आणि तोच तिचा पाया आहे.

काळविटाच्या बाबतीत हीच ईर्ष्या राजदरबारापर्यंत पोचली. शिकवलेल्या काळविटाच्या शिंगांना जाळे किंवा फास बांधून त्याला रानटी नरावर सोडायचे, झुंज लागली की शिंगे गुंतायची आणि माणसे धावून जायची. अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत अशा शिकारीची नोंद आहे. कोल्हापूर संस्थानात चित्त्याकरवी काळविटांची शिकार विसाव्या शतकापर्यंत चालली, तीतही भुलवणीचा एक भाग होता. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीत बसवून चित्तेवान कळपाजवळ नेत. काळवीट बैलगाडी रोज पाहणारा, त्यामुळे गाडी फार जवळ आली तरी तो चरत राही. पट्टी निघाली की पुढचे काम चित्त्याचे. हिंदुस्थानातले चित्ते संपत आल्यावर कोल्हापूरकरांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. गाडी मात्र गावचीच राहिली, कारण ओळखीची वस्तू आयात करता येत नाही.

वाशिमच्या शेतकऱ्याकडे याच विद्येची उलटी बाजू आहे. सोयाबीन आणि तुरीत घुसणारे रोही, रानडुकरे, हरणे हाकलण्यासाठी बुजगावणे उभे राहते, धुऱ्याला जुनी लुगडी बांधली जातात, भोंग्यावर वाघाची डरकाळी वाजते. पहिले काही दिवस गुण येतो, मग रोही लुगड्याला अंग घासून पुढे जाते. गाय आणि बोलका तितर मात्र पिढ्यान्‌पिढ्या गुण देत आले. याचे कारण जनावराच्या अकलेत शोधण्यापेक्षा हिशेबात शोधावे. बुजगावण्याचे बिंग ज्या रोह्याला कळते ते जिवंत राहते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येते आणि मागोमाग कळपही येतो. फाशाचे बिंग ज्या तितराला कळते तो त्याच क्षणी फासात असतो. माळावर सांगायला कोणी परतत नाही. रॉकी पर्वतातही हाच नियम दिसतो. ज्या खोऱ्यात शिकाऱ्यांची गर्दी असते आणि बाण बरेचदा चुकतात, तिथले नर खोट्या हाकेला उत्तर देईनासे होतात.

ज्या ओढीवर भुलवण चालते ती बहुधा विणीची ओढ असते, हा या विद्येतला सगळ्यांत गंभीर भाग आहे. भुकेच्या आमिषाने मरणारे जनावर कोणतेही असू शकते. मादीच्या किंवा प्रतिस्पर्ध्याच्या हाकेला येणारा असतो तो टापू राखणारा, वीण घडवणारा नर, आणि तोही ऐन हंगामात. तणमोराच्या बाबतीत तर भुलवणीचीही गरज पडत नाही. पावसाळ्यात या पक्ष्याचा नर काळाभोर होतो, डोक्यामागे रिबिनीसारखी पिसे फुटतात आणि मादीला दिसावे म्हणून तो गवताच्या वर दिवसातून शेकडो उड्या मारतो. उडीची जागा बरीचशी ठरलेली असते. आपली जाहिरात तो स्वतःच करतो. फास लावणाऱ्याला आणि बंदूकवाल्यालाही एवढेच हवे असते. शिकारीच्या जोडीने माळ नांगराखाली गेले आणि २०२१ मध्ये जागतिक लाल यादीत तणमोर अतिसंकटग्रस्त ठरला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे, फास लावणे, हाकणे आणि आमिष दाखवणे हे सगळे येते. फाशांची ओळ, गायीआडची चाल, बोलका तितर असे सगळेच त्यामुळे गुन्ह्यात मोडते. पक्षी वाचवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. मात्र कायदा ज्यांच्यावर येऊन आदळला त्यांच्या पाठीवर आधीच इंग्रजी अमलातल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. जमीन नाही, जनावरांची पारध बंद, आणि गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर. या हालअपेष्टांचा हिशेब वन्यजीवांच्या चर्चेत क्वचितच मांडला जातो.

अकोला-वाशिम भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या संवेदना या संस्थेने फासेपारध्यांबरोबर तणमोर आणि गवताळ माळांच्या संरक्षणाचे काम उभे केले, ते या दोन हिशेबांना एकत्र आणणारे आहे. पक्षी कुठे उतरतो, पावसाच्या कोणत्या टप्प्यावर उडायला लागतो, घरटे कोणत्या गवतात असू शकते, हे ज्याला फास लावण्यासाठी कळत होते त्याला ते मोजण्यासाठीही कळते. पवन्या आणि कुसळी या गवतांत फरक न करू शकणाऱ्या सर्वेक्षकाला वाहनातून न दिसणारा तणमोर पारध्याला पावलांवर दिसतो. विद्या तीच आहे. शेवटची पायरी तेवढी गाळली. २००० साली जाहीर झालेले, सुमारे १८ चौरस किलोमीटरचे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जिल्ह्यात आहे, पण तणमोर आणि काळवीट अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. त्यांचा बराच वावर ई-क्लास जमिनीत आणि शेतांत असतो, म्हणून कुंपणापेक्षा माळ ओळखणारी माणसे जास्त उपयोगी पडतात.

बोलका तितर आता मोबाईलमध्ये आला आहे. पक्ष्याची ध्वनिमुद्रित हाक वाजवली की नर धावत येतो, फांदीवर किंवा दगडावर चढून उत्तर देतो आणि कॅमेऱ्याला हवे तसे उभे राहतो. फास नाही, त्यामुळे अपराधाची जाणीवही नाही. पण हद्दीतला खोटा शत्रू सापडत नाही म्हणून नर ओरडत, धावत राहतो; घरटे तेवढा वेळ उघडे पडते आणि भक्षकाला त्याची जागा कळू शकते. बुजगावण्यासारखी या हाकेचीही सवय होईलच असे समजणे धोक्याचे आहे, कारण हद्दीतल्या हाकेकडे दुर्लक्ष करणे नराला सहसा परवडत नाही. म्हणून विणीच्या काळात हाक वाजवू नये, असे जबाबदार पक्षीनिरीक्षक मानतात. मोजणीसाठी ती वाजवणे अपरिहार्य असेल, तर थोडा वेळच वाजवायची, उत्तर आले की बंद करायची, वहीत नोंद करून पुढच्या ठिकाणी निघायचे आणि त्याच नराला त्या दिवशी पुन्हा बोलवायचे नाही.