कानांना एक तास रजा

गेले वर्षभर दवाखान्यात एक नवा प्रश्न वरचेवर कानावर येत आहे : ‘डॉक्टर, साउंड बाथला जाऊ का?’ विचारणाऱ्यांत ज्येष्ठ असतात, तशीच त्यांची शुश्रूषा करणारी मंडळीही असतात. नावात स्नान असले तरी येथे पाण्याचा थेंबही नसतो. वीस-पंचवीस माणसे सतरंजीवर उताणी पडून डोळे मिटतात आणि एक जण काशाचे वाडगे, घंटा व गाँग वाजवून त्यांच्याभोवती नाद पसरवीत राहतो. उत्तर देण्याआधी आपण स्वतः अनुभव घ्यावा, असे मला वाटले. म्हणून सांगलीतल्या एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात एका रविवारी सकाळी मीही जाऊन पडलो.

हे वाडगे आपल्याला वाटतात तितके परके नाहीत. कासे म्हणजे तांबे आणि कथिल यांचे मिश्रण. तळपायाला तूप लावून आजी जी वाटी घाशीत असे, तिचाच हा धातू. कडेवरून लाकडी दांडी फिरवली की नाद उठतो आणि बराच वेळ विरत राहतो. एकमेकांच्या अगदी जवळचे दोन स्वर एकत्र आले म्हणजे आवाज लाटेसारखा चढतो आणि ओसरतो. मिरजेच्या तंबोऱ्याच्या तारा जुळवताना ज्यांनी ऐकल्या असतील, त्यांना ही लाट ओळखीची आहे. तंबोरा जुळवणारा ती नाहीशी होईपर्यंत खुंटी पिळतो. येथे तिलाच मान असतो.

पहिली दहा मिनिटे खोकणे, कूस बदलणे, कुणाच्या तरी भ्रमणध्वनीचे थरथरणे यांत गेली. मग सभागृहातले श्वास हळूहळू संथ झाले. उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते, हे शरीराचे नेहमीचेच वागणे आहे. माझी नाडी आरंभी ७८ होती, शेवटी ६६ भरली. (चांगली वामकुक्षी झाली तरी एवढा फरक पडतो, हेही येथे नोंदवून ठेवतो.)

माझ्या शेजारी माझ्याच एक रुग्ण होत्या. वय ६६. यजमानांना नऊ वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार. पाव तासातच त्या घोरू लागल्या. नंतर चहा घेताना त्या म्हणाल्या, “डॉक्टर, नऊ वर्षांत आज पहिल्यांदा माझे कान निजले.” हे वाक्य त्यांच्या अनुमतीनेच येथे देत आहे. रात्री पलंग करकरला, काठी आपटली, पाणी पिताना ठसका लागला, की त्या उठून बसतात. आपल्यापैकी ज्यांनी घरातले दुखणे काढले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. अशा माणसाला शांतता विश्रांती देतेच असे नाही. शांततेत कान अधिकच सावध होतो, पुढच्या आवाजाची वाट पाहतो. काहीही न मागणारा, कुणालाही हाक न मारणारा अखंड नाद मिळाला, तर ती राखण सुटते. हे माझे निरीक्षण आहे, सिद्धान्त नव्हे.

संशोधन आहे, पण थोडे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१७ साली ६२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. वाडग्यांच्या नादानंतर त्यांचा ताण आणि खिन्नता कमी झाल्याचे आढळले. मात्र तुलनेसाठी नुसते निजून राहिलेला दुसरा गट त्यात नव्हता. तेव्हा मन हलके होते, एवढे मी मान्य करतो. नादाने पेशी शुद्ध होतात, रक्तदाब कायमचा जातो, असे कुणी सांगितले तर ऐकून सोडून द्यावे. त्या दिवशीची गोळी त्या दिवशी घ्यावीच.

जाणार असाल तर गाँगपासून दूरची जागा धरा, विशेषतः कर्णनादाचा त्रास असेल तर. श्रवणयंत्र काढून ठेवणे बरे. लांबलेला एकसुरी नाद यंत्राला स्वतःचीच शिट्टी वाटतो. ते तो दाबू पाहते आणि आवाज विचित्र थरथरू लागतो. वयोमानाने कान आधी उंच स्वरांना मंदावतात, त्यामुळे वाडग्यांचे खालचे स्वर यंत्रावाचूनही बहुतेकांना ऐकू येतात. पेसमेकर असल्यास वाडगा छातीवर ठेवू देऊ नका; अपस्मार असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून जाऊ नका.

माझी खरी चिंता मात्र शेवटच्या मिनिटाची आहे. तासभर आडवे पडून एकदम उठले की रक्तदाब खाली येतो. रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या आणि कंपवाताच्या काही गोळ्या चालू असतील तर अधिकच. प्रथम कुशीवर वळावे, मग बसावे, दोन मिनिटे तसेच थांबावे आणि कुणाचा तरी हात धरून उभे राहावे. गुडघे दुखत असतील तर मुळात खुर्चीच मागून घ्यावी. नाद खुर्चीवरही पोहोचतो.

आणि त्या तासापुरते घरी रुग्णाजवळ कोण बसणार, हे आधी ठरवून निघावे. त्या बाईंसाठी धाकटे दीर येऊन बसले होते. आता ते दर महिन्याला येतात. गेल्या खेपेस वर्ग रद्द झाला, तरीही आले. बाईंनी मागच्या खोलीत तंबोऱ्याची ध्वनिफीत लावली, दार ओढून घेतले आणि दोन तास निजल्या.