लाइन चालू, सर्व्हर बंद

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. फिरतीवरच्या माणसांना कारखान्यातला ईआरपी सर्व्हर बाहेरून उघडता यावा, एवढीच मालकांची मागणी होती. साध्या ब्रॉडबँडवर ते जमेना. राउटरला मिळालेला पत्ता १००.७२ ने सुरू व्हायचा आणि बाहेरच्या जगाला मात्र भलताच आकडा दिसायचा. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी वापरतात. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला; म्हणून ही काटकसर. अशा जोडणीवर आपल्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, बाहेरचा माणूस आत पोहोचत नाही.

मग लीज्ड लाइन घेतली. कंपनीच्या मेलमध्ये पत्त्यांचे दोन गट होते. इथे उदाहरणांसाठी राखीव असलेले आकडे घालतो. पहिला २०३.०.११३.४/३०. यात चार पत्ते. पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरलेल्या दोनपैकी .५ कंपनीच्या राउटरला आणि .६ आमच्या. दुसरा १९८.५१.१००.८/२९. यात आठ पत्ते, वापरता येणारे सहा. त्यातला .१० मी सर्व्हरला दिला. ‘जे काही बाहेर जाईल ते .५ कडे पाठव’ असा डिफॉल्ट राउट आमच्या राउटरमध्ये घातला.

कारखान्यात इंटरनेट सुसाट. पण मोबाइल डेटावरून सर्व्हर काही केल्या उघडेना. हेल्पलाइनचं एकच पालुपद : “सर, नेट चालू आहे ना? मग प्रॉब्लेम तुमच्या साइडला आहे.” तक्रार बंद झाल्याचा एसएमएसही लगेच आला.

मी राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर पॅकेट कॅप्चर लावला आणि मोबाइलवरून .६ ला पिंग केलं. स्क्रीनवर भराभर ओळी उमटल्या. मग .१० ला केलं. एकही ओळ नाही. आमच्या फायरवॉलने अडवलं असतं, तरी पॅकेट दारापर्यंत आलेलं दिसलं असतं. ते येतच नव्हतं. ट्रेसराउटही कंपनीच्याच नेटवर्कात मरत होता.

मग इंटरनेट कसं चालत होतं? आतली कॉम्प्युटरं १९२.१६८ वाली, बाहेर पडताना राउटर त्यांच्यावर .६ चा शिक्का मारतो, म्हणून उत्तरं .६ वर बिनचूक परत येतात. /२९ चे पत्ते मात्र आमच्या राउटरच्या मागे आहेत, हे कंपनीच्या राउटरला कोणीतरी सांगायला लागतं. ते सांगायचं राहिलं होतं.

मालकांना हे समजावलं, तर ते म्हणाले, “म्हंजे खरेदीखत झालंय, पण सातबाऱ्यावर नाव चढलं नाही म्हणा की!” अगदी तसंच.

तक्रार पुन्हा उघडली, कॅप्चर आणि ट्रेसराउट जोडले आणि थेट एकच मागणी लिहिली : १९८.५१.१००.८/२९ साठी २०३.०.११३.६ हा नेक्स्ट हॉप देऊन स्टॅटिक राउट टाका. या वेळी फोन आला तो नेटवर्क विभागातल्या इंजिनिअरचा. त्याने काहीही वाद न घालता ती ओळ टाकली आणि आमचं बोलणं चालू असतानाच कॅप्चरमध्ये .१० ची पॅकेट दिसू लागली.

आता कुठल्याही ग्राहकाकडे नवी लाइन आली, की बसवायला आलेला माणूस स्पीड टेस्ट दाखवून सहीचा कागद पुढे करतो. स्पीड टेस्ट आतून बाहेर जाते. बाहेरून आत येणाऱ्या वाटेबद्दल ती काहीच सांगत नाही. मी /२९ मधला एक पत्ता लॅपटॉपला देतो, फायरवॉलमध्ये पिंगला मुभा देतो आणि त्या माणसाला सांगतो, “तुमच्या मोबाइलवरून याला पिंग करा.” उत्तर आलं, की सही.