पुरेसं आहे का, मॅडम?

ब्रॉन्कोस्कोपीच्या खोलीत पॅथॉलॉजिस्टसाठी जागा कुणी राखून ठेवलेली नसते. माझा मायक्रोस्कोप एका ट्रॉलीवर असतो आणि ती ट्रॉली बेसिन आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरमधल्या बोळात कशीबशी मावते. तिच्यावरच स्लाइडचा डबा, अल्कोहोलची बरणी, टोल्युइडिन ब्लूची बाटली आणि टिपकागद. पेशंटच्या डोक्याशी छातीचे डॉक्टर दुर्बीण धरून उभे, त्यांच्यासमोर अल्ट्रासाउंडचा पडदा. श्वासनलिकेच्या भिंतीतून पलीकडच्या गाठीत सुई जाते, आत पुढेमागे होते आणि बाहेर येते. तिच्यातला थेंब टेक्निशियनच्या हातातल्या स्लाइडवर पडतो. तो दुसऱ्या स्लाइडने पसरवायचा, वर रंग टाकायचा, कव्हरस्लिप ठेवायची. एकदीड मिनिटाचा खेळ. मग खोलीतले सगळे माझ्या पाठीकडे बघत थांबतात.

‘पुरेसं आहे का, मॅडम?’

कॅन्सर आहे की नाही हे तिथल्या तिथे सांगायला मी उभी असते, असं बऱ्याच जणांना वाटतं. हातात आलेल्या मालावर उद्या लॅबमध्ये पक्कं निदान होईल का, आणि त्याच मालावर औषधही ठरवता येईल का, एवढंच मला सांगायचं असतं. हे ‘एवढंच’ गेल्या वीसेक वर्षांत फार वाढलं. मी शिकत होते तेव्हा ‘स्मॉल सेल’ की ‘नॉन-स्मॉल सेल’ इतकं लिहून सही केली तरी भागत असे. 2004 साली फुफ्फुसाच्या कॅन्सरमधले ईजीएफआर या जनुकातले बदल सापडले आणि ते दिवस संपले. आता प्रकार सांगावा लागतो, ईजीएफआर, एएलके, आरओएस1 तपासावे लागतात. पीडी-एल1 हे प्रथिन मोजायचं तर मेणात बसवलेल्या पेशींच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, निदान शंभर जिवंत कॅन्सरपेशी लागतात. वीस पेशींवर मी निदान करू शकते, पण त्या वीस पेशींनी पेशंटची गोळी ठरत नाही.

एक बाई आठवतात. पन्नाशी ओलांडलेल्या, खेड्यातल्या. विडीला कधी हात लावलेला नाही, पण आयुष्य चुलीच्या धुरात गेलं. खोकला, उतरत चाललेलं वजन. एक्स-रेवर डाग दिसला म्हणून गावाकडे टीबीची औषधं सुरू झाली होती. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी कोर्स चालू होता. आपल्याकडे हे नेहमीचंच. टीबी इतका आहे की डॉक्टरच्या मनात तोच आधी येतो, आणि दहापैकी बऱ्याच वेळा तो बरोबरही असतो. बाईंना उतार पडेना तेव्हा सीटी झालं. उजव्या फुफ्फुसात वरच्या भागात गोळा आणि छातीच्या मध्यभागी वाढलेल्या गाठी.

पहिल्या सुईत रक्त आणि श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी. या पेशी मला आवडतात. कडेला बारीक केसांची झालर असते. ती दिसली की पेशी कितीही फुगलेली, भेसूर वाटली तरी निर्धास्त व्हावं, ती जवळजवळ नेहमी निरुपद्रवीच निघते. पण गाठीतून आलेला माल म्हणून तिचा काही उपयोग नाही. पुढच्या सुईत नुसती मेलेल्या पेशींची निळसर भुकटी.

‘कॉक्स?’ डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे टीबी का.

भुकटी टीबीतही असते आणि मध्यभागी सडलेल्या कॅन्सरच्या गाठीतही. मी म्हटलं, ‘सर, मधे नको, कडेला घ्या.’ सुईचा कोन बदलला. आता लिम्फोसाइट दिसले, म्हणजे आपण गाठीत आहोत. त्यांच्यात एपिथेलिऑइड पेशींचा छोटा पुंजकाही होता. ग्रॅन्युलोमा, टीबीची नेहमीची खूण. खोलीत लगेच हलकं वाटलं, सिस्टर तर सामान आवरायलाच लागल्या.

मला ते पटेना. कॅन्सरच्या आसपासच्या गाठींतही असे ग्रॅन्युलोमा उठतात, कॅन्सर गाठीत शिरलेला नसला तरी. आणि आपल्या देशात एकाच छातीत टीबी आणि कॅन्सर दोन्ही नांदताना पुष्कळदा दिसतात. ग्रॅन्युलोमाने त्या मोठ्या गोळ्याचा उलगडा होत नव्हता. मी श्वासनलिकेच्या उजवीकडची वरची गाठ घ्यायला सांगितली. सरांनी मान हलवली, थोडी नाराजीनेच. ऑक्सिजन घसरत होतं.

तिथे ते आले. एकमेकांवर चढलेल्या पेशींचे गोल पुंजके, मोठाले केंद्रक, त्यात ठळक ठिपका, काहींच्या पोटात पोकळी. स्मॉल सेल असतं तर केंद्रकं एकमेकांत दाबून बसलेली, आतला माल मीठ-मिरी भुरभुरल्यासारखा आणि पसरवताना पेशींचे दोरे झालेले दिसले असते. तसलं काही नव्हतं.

बाई पूर्ण झोपलेल्या नव्हत्या. घसा लिग्नोकेनने बधिर, शिरेतून थोडं मिडाझोलाम, बस. असा पेशंट नंतर बरंच विसरतो म्हणतात, पण त्या क्षणी ऐकतो. म्हणून त्या खोलीत आम्ही कॅन्सर हा शब्द उच्चारत नाही. पूर्वी ‘माइटॉटिक’ म्हणायचो, पण आता नातेवाईक तोही शब्द मोबाइलवर शोधतात. मी म्हटलं, ‘माल छान आहे सर, आता सेल ब्लॉकला द्या.’ सरांना कळलं.

पुढे खरी ओढाताण. मला आणखी हवं होतं, सरांना दुर्बीण काढायची होती. दोघांचंही बरोबर होतं. तडजोड अशी झाली: आणखी दोनदा सुई, एकीतलं सगळं फॉर्मॅलिनमध्ये, दुसरीतलं सलाइनमध्ये टीबीच्या सीबीनॅटसाठी. सलाइनची आठवण खोलीत कुणीतरी ठेवावी लागते. एकदा फॉर्मॅलिनमध्ये पडलं की जंतू वाढवून बघायची वाट बंद होते.

बाहेर मुलगा उभा होता. ‘मॅडम, टीबीच हाय ना?’

टीबी निघू दे म्हणून देवाला हात जोडणारी माणसं मी या कॉरिडॉरमध्येच पाहिली. मी म्हटलं, ‘दादा, तपासायला पुरेसं मिळालंय. रिपोर्ट आला की सर सांगतील.’ यात लपवाछपवी नव्हती. घाईत रंगवलेल्या स्लाइडवर मी अंदाज करते, निकाल देत नाही. आणि रोगाचं नाव पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा पुढचा रस्ता माहीत असलेल्या माणसाने ते सांगावं. तो रस्ता माझ्याकडे नसतो.

सीबीनॅटमध्ये टीबी आला नाही. ब्लॉकवर टीटीएफ-1 उजळलं, अ‍ॅडिनोकार्सिनोमा. ईजीएफआरमध्ये एक्झॉन 19 चा तुकडा गळालेला सापडला. टीबीचा कोर्स थांबला आणि बाईंना रोजची गोळी सुरू झाली. चौथ्या टप्प्याचा आजार गोळीने कायमचा जात नाही, पण दाबला जातो. पुढच्या वेळी त्या स्वतः जिना चढून आल्या, असं सर म्हणाले.

आमच्या व्यवस्थापनाचं म्हणणं वेगळं. एक पॅथॉलॉजिस्ट तासभर तिथे अडकते, त्या वेळात लॅबमध्ये कितीतरी रिपोर्ट निघतील. मुद्दा अगदीच खोटा नाही. मायक्रोस्कोप जागेवर असल्याने निदानाचं प्रमाण फारसं वाढत नाही, असं अभ्यासही सांगतात. तो नसेल तर प्रत्येक गाठीत निदान तीनदा सुई घालावी, असा संकेत आहे. तो असला की कमी वेळा टोचून भागतं. पण त्या बाईंच्या बाबतीत तीनदा टोचून आम्ही ग्रॅन्युलोमावर थांबलो असतो. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. तेवढ्यापुरतं सगळ्यांना पटलं आणि पुढच्या मीटिंगला विषय परत निघाला.

माझ्या बाजूनेही एक काटकसर सुरू केली आहे. स्लाइडवर कॅन्सरपेशी एकदा दिसल्या की पुढचा थेंब पसरवायचा नाही, सरळ ब्लॉकला टाकायचा. बायॉप्सीचा तुकडा असेल तर तोही स्लाइडवर घोळवायचा नाही, हलकेच टेकवायचा, नाहीतर ठशातच निम्म्या पेशी निघून जातात. टेक्निशियनला हे रुचत नाही. त्याचा हात स्लाइड ओढण्यात तयार झालेला, सुंदर पातळ थर काढतो तो. ‘मॅडम, एक तरी करू द्या,’ म्हणतो. मी एक करू देते.