वाचले, समजले, मान्य आहे

आमच्या घरी इंग्रजी कागद आला, की तो आधी माझ्या हातात येतो. बँकेची चिठ्ठी असो, आजीच्या औषधाचं खोकं असो, की कुणी दारात टाकून गेलेली जाहिरात असो, आण्णा तो माझ्यापुढे धरतात आणि म्हणतात, "बघ गं, काय म्हनतोय ह्यो." जणू कागद बोलतो आणि त्याची बोली घरात मला एकटीलाच कळते! आमच्या घराण्यात कॉलेजचा उंबरठा ओलांडणारी मी पहिली. त्यामुळे हा मान मला न मागता मिळाला आणि खरं सांगायचं तर तो मला आवडायचाही. त्या मानाची किंमत एकदा १८,२५० रुपये पडली. त्याचीच ही हकीकत.

आण्णा कापडाचे बाजारी. टॉवेल, चादरी, परकर, लहान मुलांचे कपडे यांची गाठोडी घेऊन माण तालुक्यातले आठवडी बाजार करायचे. रोजचं गाव वेगळं, रोजची धूळ वेगळी. गाठोडी एस.टी.त चढवायची, सामानाच्या तिकिटावरून कंडक्टरशी हुज्जत घालायची आणि उतरताना पुन्हा पाठीवर घ्यायची, यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. २०२१ च्या दिवाळीत एस.टी.चा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. मी तेव्हा दहावीत होते. त्या पाच-सहा महिन्यांत आण्णांचे निम्मे बाजार बुडाले. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं, की आता आपली स्वतःची गाडी पाहिजे. जुनी का होईना, पण आपली!

पैसे जमायला अडीच वर्षं लागली. म्हैस विकली तिचे आले, आईनं बचत गटातून उचलले, बाकीचे आण्णांनी पै-पै करून साठवलेले. २०२४ च्या दसऱ्याच्या आधी कापडी पिशवीत दोन लाख तीस हजार रुपये झाले. गावच्या मिस्त्रींनी पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका दुकानात एक गाडी हेरून ठेवली होती. पहाटेच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. मिस्त्री इंजिन बघायला, आण्णा पैसे द्यायला आणि मी कागद वाचायला.

गाडी मिस्त्रींना पसंत पडली. घासाघीस होऊन २,०५,००० ला सौदा ठरला. उरलेल्या पंचवीस हजारांत दिवाळीचा माल भरायचा, हा आण्णांचा हिशेब. मग एक तरुण आम्हांला काचेच्या खोलीत घेऊन गेला. आत दोनच खुर्च्या होत्या, म्हणून मिस्त्री बाहेर थांबले. पांढरा शर्ट, गळ्यात पट्टी, बोलणं अगदी मऊ. चहा आला. आण्णा कौतुकानं म्हणाले, "ही माझी ल्येक. कॉलेजात हाय." तो तरुण उठून उभा राहिला आणि म्हणाला, "अरे वा! मग मॅडम, तुम्हांलाच समजावून सांगतो."

मॅडम! त्या दिवसापर्यंत मला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. माझे कान एकदम तापले.

आधी गाडी नावावर करायचे अर्ज आले, फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. मग विम्याचा कागद आला. आणि त्यांच्या खाली, जणू त्याच गठ्ठ्यातला, आणखी एक चार पानी कागद आला. दोन वर्षांची वाढीव वॉरंटी, १८,२५० रुपये. आण्णा म्हणाले, "ह्ये तर बोलण्यात न्हवतं." तो हसला. "काका, विम्यासारखंच आहे हे. सगळेच घेतात. दिवसाचे फक्त पंचवीस रुपये पडतात बघा. रस्त्यात गिअरबॉक्स गेला तर चाळीस हजारांना खड्डा पडेल." अर्ध्या तासापूर्वी हाच मनुष्य सांगत होता, की ही गाडी म्हणजे हत्ती आहे, दहा वर्षं बघायला नको. आता तीच गाडी पहिल्या घाटात बंद पडायला निघाली होती!

आण्णा गप्प बसले. तेव्हा तो म्हणाला, "साहेबांना विचारून येतो," आणि पलीकडच्या खोलीत गेला. परत आला तो चेहरा पाडूनच. वॉरंटीशिवाय ही गाडी सोडता येत नाही म्हणे. शिवाय चार वाजता दुसरं गिऱ्हाईक येतंय. बोलता बोलता त्यानं टेबलावरची किल्ली उचलून मागच्या खिळ्याला अडकवली. ती नुसती हलत राहिली. मग त्यानं तो चार पानी कागद माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, तुम्ही वाचून घ्या ना. मग काकांना सांगा."

मी वाचायला घेतलं. खरं म्हणजे नुसती नजर फिरवली. अक्षरं मुंगीएवढी. एकेक वाक्य सात-सात ओळींचं. पहिल्या परिच्छेदातले पाच शब्द मला अडले, दुसऱ्यात तर मी मोजायचंच सोडून दिलं. बारावीला इंग्रजीत मला ७१ गुण होते, पण ते गुण तिथं काहीच कामाचे नव्हते. तो तरुण माझ्याकडे बघत होता, आण्णा माझ्याकडे बघत होते. "मला हे कळत नाही," एवढे चार शब्द बोलायचे होते. पण जी नुकतीच मॅडम झाली होती, तिच्या तोंडून ते निघेनात.

मी मान हलवली.

आण्णांनी पिशवी सोडली. त्यांनी मराठीत सही केली आणि तिच्याखाली, अटी वाचल्या, समजल्या, मान्य आहेत, अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपाशी साक्षीदार म्हणून मी माझी वळणदार इंग्रजी सही ठोकली. त्या दिवाळीला आमच्याकडे माल निम्माच भरला गेला.

पाच महिन्यांनी, मार्चमध्ये, चढावर गाडी ओढेना. क्लच प्लेट गेली होती. आण्णा निर्धास्त होते. आपल्याकडे कागद आहे! मी दुकानाला फोन लावला. उत्तर आलं, की क्लच ही झिजणारी वस्तू, ती यात बसत नाही. शिवाय ठरावीक मुदतीत त्यांच्या ठरलेल्या गॅरेजात गाडी दाखवलेली नाही, त्यामुळे बाकीचंही आता काही मिळायचं नाही. "सगळं लिहिलेलं आहे मॅडम, तुम्ही सही केली आहे."

तेच ते मॅडम. या वेळी कान तापले ते वेगळ्या कारणानं.

दुरुस्तीला नऊ हजार लागले. रात्री मी आण्णांपुढे बसले आणि सगळं सांगून टाकलं. मी तो कागद वाचला नव्हता. वाचता येत नव्हता. मला वाटलं होतं, ओरडतील. ते बराच वेळ चिमणीकडे बघत बसल्यासारखे भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आगं, मी रोज बाजारात इकतो. त्यो काय करत हुता ह्ये मला कळत न्हवतं व्हय? किल्ली खिळ्याला लावली तवाच उठणार हुतो. पर तू मान हलवलीस. म्हनलं, पोरीनं वाचलंय. आपलं न्हाय, तिचं खरं."

मी आयुष्यात खाल्लेला सर्वांत मोठा मार हाच. पंचवीस वर्षांचं बाजाराचं शहाणपण माझ्या एका खोट्या मानेपुढे नमून बसलं होतं!

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन मी आमच्या इंग्रजीच्या मॅडमकडे गेले. वर्गात कधी प्रश्न न विचारणारी मी, त्यांच्यापुढे म्हणाले, "मॅडम, मला हे कळत नाही." आकाश कोसळलं नाही. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "मलाही एका वाचनात कळणार नाही. बस, मिळून वाचू." शब्दकोश घेऊन आम्ही चार दुपारी चार पानं वाचली. काय मिळेल ते अर्ध्या पानात होतं. काय मिळणार नाही ते अडीच पानांत होतं. क्लच, ब्रेक, टायर, बॅटरी, रबराचे भाग, म्हणजे जुन्या गाडीत जे आधी जातं ते सगळं वगळलेलं. विमा आणि वॉरंटी यांतला फरकही तेव्हाच कळला. दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा विमा काढणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचं आहे. वाढीव वॉरंटीची सक्ती कोणताही कायदा करत नाही. ती आपल्या मर्जीची गोष्ट. एका गठ्ठ्यात ठेवल्यामुळे दोन्ही आम्हांला सारखीच वाटली होती.

मग अर्थशास्त्राच्या सरांनी ग्राहक संरक्षण कायदा काढून दिला. पहिला कायदा १९८६ चा. नवा २०१९ चा, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. एक वस्तू हवी असेल तर दुसरीही घ्यावीच लागेल, अशी अट घालणं ही त्या कायद्यानं निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते. किल्ली खिळ्याला अडकवण्याला कायद्यात एवढं भारदस्त नाव आहे, हे मला माहीत नव्हतं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेल्या वस्तूचा मालकही ग्राहकच असतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही. १९१५ हा सरकारी मदतीचा क्रमांक आहे. मी तिथं तक्रार नोंदवली आणि दुकानाला मराठीत पत्र लिहिलं. उरलेल्या मुदतीचे पैसे परत देण्याचा विचार करू, असा निरोप आला आहे. विचार किती दिवस चालतो, ते बघायचं.

त्या तरुणाचा मला आता तितका राग येत नाही. त्यालाही महिन्याला इतके कागद खपवायचे, असा आकडा कुणीतरी दिला असेल. पलीकडच्या काचेआडून त्याच्यावरही कुणाची तरी नजर असेल. राग येतो तो त्या मान हलवणाऱ्या मुलीचा. आपल्यापैकी कितीतरी जण, मित्रमैत्रिणींनो, घरातले पहिले शिकलेले आहोत. घरच्यांनी आपल्याला सगळं येतं असं धरून ठेवलेलं असतं आणि आपणही ते खोटं पाडत नाही. वर्गातही तेच. सर विचारतात, "समजलं का?" आणि साठ माना एकदम हलतात.

गेल्या दिवाळीच्या बाजारात मी आण्णांच्या शेजारी पालात बसले होते. एका म्हातारीनं लाल चादर हातात घेऊन विचारलं, "रंग जातोय का रं?" आण्णा म्हणाले, "पयल्या धुण्याला जानार, आज्जी. येगळी धू. त्येच्या फुडं गेला तर चादर आणून दे, पैसं घिऊन जा." ना कागद, ना सही. म्हातारीनं चादर घेतली.

परवा पुन्हा एक कागद आला, बचत गटाच्या कर्जाचा. आण्णांनी तो माझ्यापुढे धरला. मी शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, "आण्णा, यातल्या दोन ओळी मला कळल्या नाहीत. उद्या मॅडमना विचारून सांगते."

आण्णांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या पुस्तकात ठेवली. "इचारून ये की," ते म्हणाले. "कागद काय पळून जातोय व्हय?"